पाचवा ‘ख’

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी यंदा लेख मागताना एकच अट घातली होती. ‘तुमच्या कॉम्प्युटरवर काही लिहू नका, लोक पान उलटतात.’ अट रास्त होती. म्हणून साखरेवर लिहितो आहे. या विषयावर आपल्यापैकी कुणी पान उलटणार नाही, कारण प्रत्येकाच्या घरात एक तरी ग्लुकोमीटर आहेच. नसेल तर येईल.

माझ्या घरी तो तीन वर्षांपूर्वी आला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.१ निघाला. साडेसहाच्या पुढे गेलं की मधुमेह धरतात. क्लिनिकमधल्या केरळी डॉक्टरीणबाई फार समजूतदार होत्या. भात-पोळी कमी करा, साखर सोडा, रोज चाला, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला ‘कमी करा’ ही भाषाच कळत नाही. त्याला एक कळतं किंवा शून्य कळतं. मी शून्य निवडलं. घरी येऊन जाहीर केलं की आजपासून या घरात मी धान्य खाणार नाही. भात नाही, पोळी नाही, पाव नाही.

बायकोने विचारलं, “आणि गोड?”

इथे खरी अडचण होती. मी गोडखाऊ आहे आणि ते आमच्या घराण्यात आहे. पण लगेच सुचलं की आपल्या संस्कृतीत धान्य न खाता गोड खायची सोय शेकडो वर्षांपासून करून ठेवलेली आहे. उपवास! महिन्याला दोन एकादश्या, शिवाय चतुर्थी, महाशिवरात्र, नवरात्र. मग मी पुढचा आठवडा ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या म्हणीप्रमाणे काढला. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, शिंगाड्याचा शिरा, रताळ्याच्या गोड फोडी. एकाही पदार्थात धान्याचा कण नाही. आठव्या दिवशी खिचडी खाऊन दोन तासांनी बोटाला सुई टोचली. आकडा आला २३१. पोळी-भाजी खात होतो तेव्हा तो १७०च्या आसपास असायचा.

बायको काही बोलली नाही. तिने फक्त मशीन पुसून जागेवर ठेवलं.

त्या रात्री चिडून मी वाचायला बसलो. साबुदाण्याचं मूळ शोधायला म्हणून बसलो आणि त्यातून बाहेर पडायला जवळजवळ वर्ष गेलं. पुढचं सगळं त्या वाचनातलं आहे.

पहिला धक्का साबुदाण्याचाच. हा शब्द मलय भाषेतल्या ‘सागू’वरून आला. मलाया, जावा, सुमात्रा या भागात सागू नावाचा माड असतो, त्याच्या खोडातल्या गराचे हे दाणे. तो माल सिंगापूरकडून बोटीने हिंदुस्थानात यायचा. आपण आज खातो तो मात्र त्या माडाचा नाहीच. तो टॅपिओका नावाच्या कंदाचा आहे, आणि हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८०च्या दशकात गरिबांचं अन्न म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. मग दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला, बाहेरचा साबुदाणा बंद झाला, आणि १९४३ साली तामिळनाडूतल्या सेलममध्ये माणिकम चेट्टियार यांनी टॅपिओकाच्या पिठापासून साबुदाणा बनवायला सुरुवात केली. तो धंदा असा वाढला की आपल्या आषाढी एकादशीचं पोट आजही सेलमवर अवलंबून आहे.

मग मी खिचडीची ताटली समोर ठेवून एकेक जिन्नस तपासला. साबुदाणा ब्राझीलकडचा. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. मिरची मेक्सिकोच्या बाजूची. बटाटा अँडीज पर्वतातला, आणि ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांनी दिलेला. रताळंही तिकडचंच, राजगिरासुद्धा. कोलंबस १४९२ साली निघाला नसता तर आपल्या आज्या एकादशीला काय खात होत्या? दूध, ताक, फळं, शिंगाडे, सुरणासारखे इथले कंद आणि वरी. शिंगाडा मात्र अस्सल आपला. आयुर्वेदात तो ‘शृंगाटक’ नावाने येतो, आणि विदर्भात भंडारा-गोंदियाच्या तलावांतून ढीवर समाजातले लोक अजूनही तो काढतात. वरीची गंमत वेगळीच. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती सरळसरळ तृणधान्य आहे, पण आपण तिला धान्य मानत नाही. त्याला तांदूळ म्हणायचं, वऱ्याचे तांदूळ, आणि वर ते तांदूळ नव्हेत असंही म्हणायचं. मराठवाड्यात त्यालाच भगर म्हणून मोकळे होतात.

यात कुणाची टिंगल करायची नाही. उपवासाचं धान्य न खाणं हे व्रत आहे, आहारशास्त्र नव्हे, हे मला कळायला हवं होतं. व्रतात मनाला आवर घालायचा असतो. मी तिथे रक्तातली साखर आवरायला गेलो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात ना तंतू, ना फारशी प्रथिनं. पोटात गेला की त्याची साखर व्हायला वेळ लागत नाही. आजारी माणसाला साबुदाण्याची पेज देतात ती पचायला हलकी म्हणूनच, आणि माझी अडचण नेमकी तीच होती.

आता साखरेकडे येतो, आणि इथे मला थोडं घरचं सांगावं लागेल.

आमचं गाव प्रवरेच्या कालव्यावरचं, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं. (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या घरात अजून सगळे ‘नगर’च म्हणतात.) भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांनी १९२६ साली पुरं केलं, कालव्याला पाणी आलं आणि बाजरी-जोंधळ्याच्या मुलखात ऊस उभा राहिला. १९३२ साली सरकारने देशी साखर उद्योगाला जकातीचं संरक्षण देणारा कायदा केला आणि कारखाने भराभर निघाले. पण ते भांडवलदारांचे होते, शेतकऱ्याचा त्यात फक्त ऊस. हे गणित बदललं लोणीला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे महाराष्ट्रभर अशा कारखान्यांची रांग लागली. माझे आजोबा अशाच एका कारखान्याचे सभासद होते. त्यांच्या पेटीत तो शेअरचा कागद देवाच्या पोथीबरोबर ठेवलेला असे.

मी परदेशी एम.एस. करायला गेलो तेव्हा पहिल्या सेमिस्टरची फी उसाच्या बिलातून भरली गेली. विमानतळावर आजोबांनी हातात साखरेची पुडी ठेवली होती, शुभ म्हणून. म्हणजे माझी डिग्री, माझा हा देश, माझी नोकरी, सगळ्याच्या मुळाशी साखर आहे. दुबईहून अबू धाबीच्या रस्त्याला लागलं की जबेल अलीत १९९५ पासून चालू असलेला साखर शुद्ध करण्याचा प्रचंड कारखाना आहे. जगभरची कच्ची साखर तिथे बंदरात उतरते आणि पांढरी होऊन बाहेर पडते. तिथून जाताना मला हमखास आजोबा आठवतात. अशा माणसाला ‘साखर सोडा’ म्हणणं म्हणजे आडनाव सोडा म्हणण्यासारखं आहे.

पण आजोबा स्वतः साखर किती खायचे? हे मी आईला विचारलं. आई हसली. म्हणाली, “साखर कुठली? ती पाव्हण्यांसाठी. घरात गूळ, तोही कुलुपात.” दिवाळीला कारखान्याकडून सभासदाला सवलतीची साखर मिळायची, ती वर्षभर पुरवायची. रेशनवर माणशी मोजून मिळायची ती वेगळी. ऊस पिकवणाऱ्या घरात गोड म्हणजे गुऱ्हाळावरची काकवी, पोळ्याला पुरणपोळी, दिवाळीचे लाडू, आणि उन्हातून आलेल्या पाव्हण्यासमोर ठेवलेला गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. वर्षातले पंचवीस-तीस दिवस गोड. उरलेले दिवस भाकरी, कोरड्यास आणि नांगरामागे चालणं.

साखर हा शब्द आपलाच. संस्कृत शर्करा, त्याची फारसीत शकर, अरबीत सुक्कर, आणि तिथून युरोपभर. इथल्या लुलूमध्ये पाकिटावर ‘सुक्कर’ लिहिलेलं दिसतं ना, ते आपलं माहेर सोडून गेलेलं लेकरू आहे. खडीसाखरेच्या ‘खांडे’चा अरबीत कंद झाला आणि इंग्रजीत कँडी. शब्द आपण दिला, पण रोज खायची सवय फार उशिरा लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वदेशीच्या चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार होता, आणि तो पाळणं फार जड गेलं नसावं. सामान्य घरात ती होती किती?

मग ती घरात शिरली कशी? माझं उत्तर एका शब्दात आहे, चहा. इंग्रजांना चहा आधी परदेशी विकायचा होता. तिकडचा बाजार मंदावला तेव्हा त्यांनी हिंदुस्थानी माणसाला चहा पाजायचं ठरवलं. त्यासाठी १९३०च्या दशकात मोठी मोहीम निघाली, चहाच्या प्रसारासाठी वेगळं मंडळच काम करत होतं. कारखान्यांत, स्टेशनांवर, जत्रांत फुकट चहा वाटला गेला. आणि नेमक्या त्याच दशकात संरक्षणाच्या कायद्याने देशी साखर मुबलक झाली. एका पिढीत पाव्हण्यापुढचा गूळ-पाणी गेला आणि कपबशी आली. जी साखर सणाला पानात वाढली जायची ती दिवसातून चार वेळा कपात पडायला लागली, आणि ती गोड खाल्ल्यात कुणी मोजेना.

हे लिहिता लिहिता मी ऑफिसमधला माझा दिवस आठवला आणि गार पडलो. सकाळी अकरा, दुपारी एक, चार आणि निघताना एक, असे माझे चार करक होते. करक म्हणजे आपलाच कडक. आपल्या माणसांनी इकडे आणला, अरबी जिभेवर ‘ड’ नाही म्हणून तो करक झाला. कागदी कपात डब्यातलं दूध, वेलची आणि साखर अशी की कप हलवायची गरज नाही. मी धान्य बंद करून एक्सेलच्या तक्त्यात पोळ्या मोजत होतो. करकचा त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

चरकसंहितेत प्रमेहाची कारणं दिली आहेत. सुखाने बसून राहणं, सुखाने झोपणं, दही-दूध, नवं धान्य आणि गुळाचे पदार्थ. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्या खुर्चीसकट वर्णन करून ठेवलं होतं. यादीत पहिला क्रमांक गोडाचा नाही, बसण्याचा आहे, हे मी तीनदा वाचलं.

करक सोडला तेव्हा आमच्या ऑफिसातला एक एमिराती सहकारी मला त्याच्या टेबलाशी बोलावू लागला. त्याच्याकडे गहवा असायचा. दल्ला नावाच्या चोचीच्या भांड्यातून वाटीएवढ्या बिनदांड्याच्या कपात ओतलेली कॉफी, वेलचीची, कडसर, साखरेचा कणही नाही. बरोबर एक खजूर. एक तोंडात टाकायचा आणि वर कडू घोट घ्यायचा. पुरे झालं की कप हलवून दाखवायचा, नाहीतर पुन्हा भरतो. (मला हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी सहा कप झाले.) हे बघताना एकदम आमच्या ओसरीवरचा गुळाचा खडा आणि तांब्या डोळ्यांपुढे आला. उन्हातून आलेल्या माणसाला एकच घास गोड आणि बाकी पाणी. त्यांची रीत टिकली, आपली चहात विरघळली.

इथल्या माणसाचं आणि खजुराचं नातं फार जुनं आहे. अबू धाबीच्या पश्चिमेला दल्मा बेटावर उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या, त्या सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या. अल ऐनला आपण सगळेच पोरांना घेऊन जातो, ओअॅसिसमध्ये फोटो काढतो आणि परत येतो. पुढच्या वेळी तिथल्या पाटाच्या पाण्याकडे नीट बघा. फलज म्हणतात त्याला. जमिनीखालून उताराने पाणी आणायची ही युक्ती या भागात ३००० वर्षांची आहे, आणि त्याच्यावर खजुराच्या बागा जगल्या. युनेस्कोने २०११ साली अल ऐनच्या या वारशाला जागतिक यादीत घेतलं, २०१५ साली गहव्याची रीत मानली आणि २०१९ साली खजुराच्या झाडाचं पारंपरिक ज्ञान. तेल सापडण्यापूर्वी, म्हणजे १९६२ साली अबू धाबीने पहिलं तेल परदेशी धाडण्यापूर्वी, इथल्या वाळवंटात धान्य फारसं पिकत नव्हतं. तांदूळ आपल्याकडून गलबतांतून यायचा. रोजचा आधार म्हणजे खजूर, उंटिणीचं दूध आणि किनाऱ्याला मासे. म्हणजे मी ज्याच्यासाठी एक्सेलचा तक्ता करत होतो ते बिनधान्याचं जेवण हा या लोकांचा नाइलाज होता.

पण खजूर म्हणजे साखरच नाही का? मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी मला चक्क अल ऐनच्याच विद्यापीठातल्या संशोधनाकडे धाडलं. तिथल्या संशोधकांनी फर्द, लुलू, बुमआन, दब्बास आणि खलास या पाच जाती निरोगी आणि मधुमेही अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना खाऊ घालून रक्तातली साखर मोजली. २०११ साली ते प्रसिद्ध झालं. ग्लुकोजला शंभर धरलं तर निरोगी माणसांत या खजुरांचा आकडा ४६ ते ५५ आला आणि मधुमेहींतही ५५च्या आतच राहिला. म्हणजे साखर बरीच, पण रक्तात चढते सावकाश. अभ्यास लहान होता, माणसं दोन डझनांच्या आत, हे बाईंनीच बजावलं. आणि दुसरं हे बजावलं की एका मध्यम खजुरात साधारण चमचाभर साखर असते, तेव्हा डबा उघडा ठेवू नका. “एक म्हणजे एक,” त्या म्हणाल्या. एक ही भाषा मला कळते.

त्यानंतर आमच्या घरात हळूहळू गोड परत आलं. बायको दही रात्रभर फडक्यात टांगते. घाई असेल तर बाजारातलं बिनमिठाचं लबने आणते, आखाती मराठी घरांचा तो जुना चक्का आहेच. त्यात केशर, वेलची आणि कोमट दुधात भिजवून कुस्करलेले चार खलास खजूर. चार माणसांना चार. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ११३०च्या सुमारास लिहवलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात शिखरिणीचा उल्लेख आहे, तीच पुढे आपलं श्रीखंड झाली. ती मूळची दह्याची, साखर तिच्या साथीला. आजच्या दुकानी श्रीखंडात मात्र दही साथीला असतं. रंगाने आमचं श्रीखंड थोडं मातकट होतं. मुलगा त्याला ‘डेझर्ट श्रीखंड’ म्हणतो, वाळवंट या अर्थी. मला आवडतं. मुलीला नाही, ती साखरेचंच खाते, आणि तिने खावं. तिला स्विमिंगची प्रॅक्टिस असते, मला मीटिंगा असतात.

पण गणपतीचं काय, हा प्रश्न राहिलाच होता.

गेल्या वर्षी आई गणपतीला इकडे येणार होती. तिला माझ्या साखरेचं माहीत होतं, पण आईच्या मनात ‘साखर आहे’ आणि ‘प्रसाद खात नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आदल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात मी मोदक नाकारला होता, ते फोटोसकट तिच्यापर्यंत पोचलं होतं. ती फोनवर म्हणाली, “तिकडे जाऊन एवढा मोठा झालास की देवाला नाही म्हणायला लागलास?” मी तिला आकडे सांगितले. ती म्हणाली, “आकडे तुझ्या आजोबांना पण दाखवायचे. पाय गेला तरी डॉक्टरलाच हसत होते.” मग दोघंही गप्प झालो. आजोबांचा डावा पाय शेवटच्या वर्षी गुडघ्याखाली कापावा लागला होता. चप्पल चावल्याची जखम भरलीच नाही. आमच्या घरात त्याला ‘ती चप्पल’ म्हणतात, साखर कुणी म्हणत नाही.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. “मी पंचखाद्य करते. त्यात धान्य नसतं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. वर्षभर मी चालुक्य, पोर्तुगीज आणि ब्राझील फिरलो, आणि उत्तर आमच्या देवघरात होतं. पंचखाद्य, म्हणजे खिरापत. आरतीनंतर हातावर पडणारी चिमूट. तरुण वाचकांसाठी सांगतो, पाच ‘ख’ असतात: खोबरं, खारीक, खसखस, खिसमिस आणि खडीसाखर. धान्य नाही, पीठ नाही, पाक नाही, आणि मुख्य म्हणजे ते वाटीने खायचंच नसतं.

“आई, खसखस आणू नकोस हं.”

“का?”

आता हे तिला समजावणं सोपं नव्हतं. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि इथे ती अमली पदार्थांत मोडते. सामानात किंवा कपड्यांवर दाणे सापडून माणसं तुरुंगात गेलेली आहेत. इथे जुन्या असलेल्या प्रत्येक घरात येणाऱ्या पाहुण्यांना पाठवायची एक यादी असते, आणि तिच्यात खसखस सगळ्यांत वर असते. आई थक्क झाली. “अनारशाला लावतात ती खसखस? ती काय अमली?” पण तिने ऐकलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. “चारच राहिले. आणि खडीसाखर तुला चालत नाही, म्हणजे तीन. तीन खाद्यांचं पंचखाद्य देवाला कसं दाखवू?”

आई आली. खोबरं तिने घरून भाजून, किसून आणलं होतं. खारीक कुटून डब्यात, शिवाय एक अख्खं पाकीट वेगळं. खिसमिस मोजके. चौथा ‘ख’ सापडायला वेळ लागला नाही, आपण खजुराच्या देशात होतो. खलासचे तुकडे करून ते किसलेल्या खोबऱ्यात घोळवले. पाचव्यासाठी मात्र घरात दोन दिवस चर्चा चालली. बायकोने खवा सुचवला. आई म्हणाली खवा ओला, खिरापत टिकणार नाही. मुलगा ‘खाकरा’ म्हणाला, त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं, तो गव्हाचा. शेवटी आईच डेऱ्याच्या मसाल्याच्या बाजारात फिरता फिरता एका पोत्यापाशी थांबली. सोललेल्या पांढऱ्या बिया. दुकानदार इराणी, त्याला हिंदी येत होतं. आईने विचारलं, “ये किसका?” तो म्हणाला, “खरबूजा.” आईने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने पाकीट काढलं.

चतुर्थीच्या संध्याकाळी आरतीनंतर तिने खिरापत वाटली. माझ्या हातावर पडली ती इतरांपेक्षा थोडी कमी होती, हे मी बघितलं आणि तिने मी बघितलेलं बघितलं. दोन तासांनी मी आत जाऊन बोटाला सुई टोचली. आकडा १३८. बाहेर येऊन कुणाला सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही, पण जेवताना तिने ताटातला भात स्वतःहून अर्धा केला, माझाही आणि तिचाही.

दुसऱ्या दिवशी ओट्याशी ते खारकेचं उरलेलं पाकीट हातात आलं. इतिहासाची खोड लागली की माणूस पाकिटामागची बारीक अक्षरंही वाचतो. खारीक म्हणजे वाळलेला खजूर, असं मला वाटायचं. तसं नाही. ओमानच्या पूर्वेकडच्या शर्किया प्रांतात मबसली जातीचा खजूर पिवळा आणि करकरीत असतानाच उतरवतात, मोठ्या कढयांत पाण्यात उकळतात आणि उन्हात वाळवतात. हा माल पिढ्यान् पिढ्या सूरच्या बंदरातून गलबतांनी मुंबईला जायचा. त्याचं मुख्य गिऱ्हाईक आपणच, कारण बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत, मुंजी-लग्नाच्या ओटीत आणि खिरापतीत तोच लागतो. सिंधमधल्या खैरपूरहूनही खारीक खूप यायची. २०१९ साली भारताने पाकिस्तानी मालावर २०० टक्के जकात बसवली तेव्हा ती वाट अडली, आणि २०२५ साली तो माल पूर्ण बंद केल्यावर तीच खारीक दुबईमार्गे न्हावा शेवाला येताना पकडली गेली.

आईच्या पाकिटावर श्रीरामपूरच्या किराणा दुकानाचा शिक्का होता. त्याच्याखाली, भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरांत, मूळ देश: ओमान.

मी तिला नकाशा काढून दाखवला. आमच्या घरापासून ओमानची हद्द गाडीने दीड तासावर. तिथून हे पाकीट मुंबईला गेलं, मुंबईहून श्रीरामपूरला, आणि श्रीरामपूरहून तिच्या बॅगेतून परत इकडे.

आईने चष्मा लावून पाकीट उलटसुलट बघितलं. “मग आधी सांगायचंस ना,” ती म्हणाली, “दोन किलोचं वजन झालं. तेवढ्यात तुझ्या बायकोसाठी कुरडया आल्या असत्या.”